श्रद्धेचा कैवार: संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा धडा

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचें स्मरण करितांना एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. त्यांनीं आपली श्रद्धा केवळ वेदीपुढें गुडघे टेकून राखिली असें नाहीं. शेजाऱ्यांच्या प्रश्नांस आणि सोयऱ्यांच्या आक्षेपांस उत्तरें देऊनहि ती राखिली. पोपची सत्ता कशासाठीं? पवित्र मरियेचा एवढा सन्मान कां? मृतांसाठीं मिस्सा कशाला? हे प्रश्न प्रॉटेस्टंट बंधूंकडून आपणांस आजहि ऐकूं येतात. घरांत तर कोणती भक्ति जुनी, कोणती नवी, कोण पुरा कॅथलिक आणि कोण अर्धा, यावरून कॅथलिकांचे कॅथलिकांशींच वाद जुंपतात. अशा वेळीं बोलावें कसें, हें शिकविणारा एक थोर गुरु ख्रिस्तसभेस लाभला आहे. त्यांचें नांव संत फ्रान्सिस डी सेल्स. त्यांच्या चरित्रांतील दोन वाद, एक विभक्त बंधूंशीं झालेला व दुसरा घरच्याच मंडळींतला, आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं सॅव्हॉय देशांत एका सरदार घराण्यांत झाला. पॅरिस येथें जेजुइट गुरूंपाशीं शिक्षण घेऊन व १५९१ सालीं पादुआ येथें कायद्याची सर्वोच्च पदवी मिळवून ते स्वदेशीं परतले. पित्याची इच्छा त्यांनीं वकिली करावी अशी होती. पण १५९३ च्या डिसेंबरांत त्यांनीं गुरुदीक्षा घेतली. जिनीव्हा सरोवराच्या दक्षिण तीरावर शाब्ले नांवाचा प्रांत आहे. १५३६ सालीं बर्नच्या सैन्यानें तो जिंकिला, तेथील मिस्सा बंद पाडिली व प्रॉटेस्टंट मत चालू केलें. पुढें तो सॅव्हॉयच्या ड्यूककडे परत आला खरा, परंतु तोंवर तेथें नवी पिढी त्याच मतांत वाढली होती. १४ सप्टेंबर १५९४ रोजीं फ्रान्सिस आपला चुलत बंधु लुई याजसह त्या प्रांतांत शिरले.

मुख्य शहर थोनों. तेथें कॅथलिक कुटुंबें बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं होतीं. फ्रान्सिस रात्रीं आलँज येथील टेकडीवरील किल्ल्यांत निजत आणि दिवसा पायीं थोनोंस येऊन प्रवचन करीत. परंतु ऐकावयास येणार कोण? शहरच्या पुढाऱ्यांच्या धाकानें लोक देवळाकडे फिरकत नसत. दुसरा एखादा निराश होऊन परतला असता. फ्रान्सिस यांनीं विचार केला कीं, लोक शब्दाकडे येत नाहींत, तर शब्दानेंच लोकांकडे जावें. १५९५ च्या आरंभापासून ते छोटीं पत्रकें लिहूं लागले. तीं घरोघरीं दारांच्या फटींतून आंत सरकविलीं जात, चव्हाट्यावर चिकटविलीं जात. जो देवळांत येण्यास भीत होता, तो दार लावून तीं वाचूं शकत होता.

त्या पत्रकांत शिव्याशाप नव्हते, युक्तिवाद होता. त्यांचा पहिला प्रश्न साधा होता: तुमच्या उपदेशकांस धाडिलें कोणीं? प्रेषितांस ख्रिस्तानें धाडिलें, प्रेषितांनीं आपले वारस नेमिले; मग या नव्या उपदेशकांच्या हातीं अधिकारपत्र कोणाचें? दुसरा प्रश्न पवित्र शास्त्राविषयीं होता. शास्त्र हाच एकमेव आधार म्हणावा, तर शास्त्रांत कोणते ग्रंथ मोडतात हें कोणाच्या साक्षीवरून ठरविलें? ती साक्ष ख्रिस्तसभेची असेल, तर शास्त्र घ्यावें आणि सभा टाकावी हें कसें जमेल? फ्रान्सिस आपल्या वाचकांस शत्रु समजून लिहीत नाहींत. वाट चुकलेल्या गांवकऱ्यांशीं बोलावें तसे बोलतात. हीं पत्रकें त्यांच्या हयातींत ग्रंथरूपानें निघालीं नाहींत. तीं १६७२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालीं. याच पत्रकांची आठवण ठेवून ११ वे पायस यांनीं १९२३ सालीं त्यांस कॅथलिक लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते ठरविलें.

१५९७ सालीं पोप ८ वे क्लेमेंट यांच्या आज्ञेवरून ते खुद्द जिनीव्हांत गेले आणि कॅल्विनचा उत्तराधिकारी तेओदोर बेझ यास भेटले. बेझ त्या वेळीं अठ्ठ्याहत्तरीच्या घरांत होता. भेटी एकाहून अधिक झाल्या, संभाषण सभ्यपणें झालें. बेझ मात्र आपल्या मतावरच राहिला. मनुष्याचें अंतःकरण वळविणें हें वादपटूचें काम नव्हे, देवाच्या कृपेचें आहे, हें फ्रान्सिस जाणून होते.

इतिहास लिहितांना अडचणीचें सत्य झांकूं नये. शाब्लेचें परतणें केवळ पत्रकांनीं व प्रवचनांनीं झालें नाहीं. फ्रान्सिस यांनीं ड्यूककडे राजाश्रय मागितला होता, आणि १५९८ सालीं ड्यूक स्वतः थोनोंस आला तेव्हां कॅल्विनमत सोडण्यास जे तयार झाले नाहींत त्यांस प्रांत सोडावा लागला. बर्ननें जें बळानें केलें होतें, त्यास सत्तेच्या बळाचेंच उत्तर मिळालें. त्या शतकांत दोन्ही बाजूंस हीच रीत होती. श्रद्धेच्या बाबतींत कोणावरहि जबरदस्ती होतां कामा नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं स्पष्ट शिकविलें आहे. म्हणून या संताच्या चरित्रांतून आपण लेखणी आणि सौम्यता उचलावी. ड्यूकची तलवार त्या काळापाशींच ठेवावी.

आतां घरच्या वादाकडे वळूं. देवाची कृपा आणि मनुष्याची इच्छाशक्ति यांचा मेळ कसा बसतो, या प्रश्नावर त्याच काळांत डोमिनिकन व जेजुइट या दोन संघांत मोठें वादळ उठलें होतें. जेजुइट पंडित मोलिना यांचा ग्रंथ १५८८ सालीं निघाला. डोमिनिकन पंडित बान्येझ यांनीं त्यास कडाडून विरोध केला. एक पक्ष दुसऱ्यास पेलागियसचा अनुयायी म्हणे, दुसरा पहिल्यास कॅल्विनचा साथी म्हणे. एकाच वेदीवर मिस्सा अर्पिणारे गुरु एकमेकांस पाखंडी ठरवूं लागले. रोममध्यें वर्षानुवर्षें सभा भरल्या, तरी निकाल लागेना.

या प्रश्नाची झळ फ्रान्सिस यांस स्वतः लागली होती. पॅरिसमध्यें विद्यार्थी असतां आपण तारणास मुकलेलेच आहों, या भयानें ते कित्येक आठवडे व्याकुळ झाले होते. त्यांचें स्वतःचें मत जेजुइट पक्षाच्या जवळचें होतें. १६१८ सालीं जेजुइट पंडित लेसियस यांस लिहिलेल्या पत्रांत तें दिसतें. तरीहि पोप ५ वे पॉल यांच्या वतीनें त्यांचा सल्ला विचारण्यांत आला तेव्हां विरुद्ध पक्षास दोषी ठरवावें असें त्यांनीं सुचविलें नाहीं. वाद मिटवून कृपेचा सदुपयोग करण्याकडे लक्ष द्यावें, असा त्यांचा कल होता. १६०७ सालीं पोपनीं हाच मार्ग धरिला: दोन्ही पक्षांनीं आपलें मत खुशाल बाळगावें, पण कोणीं दुसऱ्यास दूषण लावूं नये. तो प्रश्न आजहि मोकळाच आहे, आणि ख्रिस्तसभा त्यामुळें मोडली नाहीं.

आमच्या मतें या दोन प्रसंगांचें सार एकच आहे. जें ख्रिस्तसभेनें निश्चित केलें आहे तें निर्भयपणें सांगावें. जें तिनें मोकळें ठेविलें आहे त्यावर आपण कुलूप घालूं नये. प्रॉटेस्टंट बंधूंपुढें नरम पडून सत्य गिळणें आणि कॅथलिक बंधूवर तापून त्यास पाखंडी म्हणणें, हे दोन्ही दोष एकाच मुळाचे आहेत. दोहोंतहि सत्यापेक्षां आपली सोय किंवा आपला अभिमान मोठा होतो.

या संताचें नातें मराठी मुलुखाशीं दूरचें नाहीं. ते जिनीव्हाचे बिशप झाले, पण ज्या आनसी शहरीं त्यांस राहावें लागलें, तेथेंच १८३८ सालीं त्यांच्या नांवानें एक मिशनरी संघ स्थापन झाला. त्या संघाचे गुरु नागपुरास आले, मराठवाड्याच्या खेड्यांतून फिरले. नागपूरचें कॅथेड्रल याच संताच्या नांवाचें आहे. आणि ज्या कॅल्विनपंथीयांशीं त्यांनीं वाद केला, त्यांच्या वारस मंडळ्यांच्या जागतिक संघानें २०१७ सालीं विटेनबर्ग येथें, नीतिमान ठरण्याविषयींच्या कॅथलिक व लुथरन यांच्या १९९९ च्या संयुक्त घोषणेस आपली संमति दिली. सर्व मतभेद मिटले असें नव्हे. पण चारशें वर्षांपूर्वीं दाराच्या फटींतून सुरू झालेलें बोलणें आज समोरासमोर बसून चाललें आहे.

तेव्हां, प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, ज्युबिलीच्या या वर्षीं आपण धर्मशिक्षणाचें पुस्तक पुन्हां उघडूं या. कारण जें आपणांस ठाऊक नाहीं त्याचा कैवार आपण घेऊं शकत नाहीं. कोणीं विचारिलें तर शांतपणें सांगूं या, आणि न विचारितां आपल्या वागणुकीनें सांगूं या. संत फ्रान्सिस डी सेल्स आपल्या धर्मग्रामासाठीं विनंती करोत.