चारला थांबायचं

"वन, टू, थ्री... फाइव्ह, सिक्स, सेव्हन." पुण्यात साल्साच्या क्लासला पहिल्या दिवशी गेलात की ही मोजणी कानावर पडते. चार आणि आठ मोजणीत नाहीतच, कारण त्या मात्रांना पाऊल टाकायचं नसतं. नवखा हमखास तिथेच चुकतो. पण नीट कान दिला तर कोंगा या ढोलाचे दोन खुले ठोके नेमके त्या चारला नि आठलाच ऐकू येतात. पाय थांबतो तिथे वाद्य बोलतं. ढोलकीवर वाढलेल्या कानाला हे उमगलं की मोजणीची गरज संपते.

साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये सॉस. आपण चटणी म्हणू. क्यूबाच्या इग्नासिओ पिन्येइरोने १९३०च्या दशकात 'एचाले साल्सिता' हे गाणं केलं, तेव्हा तो शब्द चवीपुरताच होता. मूळ संगीत होतं 'सोन': पूर्व क्यूबातलं, स्पॅनिश गिटार आणि गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे ताल यांच्या मिलाफातून झालेलं. दोन लाकडी दांड्यांवर वाजणारी 'क्लावे' ही लय म्हणजे त्याचा कणा. १९५९च्या क्रांतीनंतर अमेरिकेने क्यूबाशी व्यापार तोडला आणि हे संगीत न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकोच्या नि क्यूबाच्या वस्त्यांमध्ये वेगळं वाढलं. जॉनी पाचेको हा वादक आणि जेरी मासुची हा वकील, या दोघांनी १९६४ साली 'फानिया' ही रेकॉर्ड कंपनी काढली. २६ ऑगस्ट १९७१ रोजी 'चीता' क्लबात त्यांच्या कलाकारांची मैफल झाली, तिचा चित्रपटही निघाला. सोन, माम्बो, ग्वाराचा असे सगळे प्रकार मग एकाच नावाखाली विकले जाऊ लागले. तीतो पुएंतेसारख्या बुजुर्गांना ते नाव कधीच रुचलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं: चटणीच्या नावाखाली जेवण झाकलं गेलं.

मराठी कानाला हा ठेका परका मात्र नव्हता. १९५१च्या 'अलबेला' चित्रपटात पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी 'शोला जो भडके'त बोंगो वाजवून घेतले होते. पडद्यावर भगवानदादांबरोबर गोव्याच्या चिक चॉकलेटचा बँड लॅटिन थाटाचे झालरदार सदरे घालून उभा आहे. ठेका असा घरी येऊन गेला होता. जोडीने नाचायची रीत तेवढी यायची होती.

ती पुण्यात आली क्लासच्या दारातून. न्यूयॉर्कमध्ये लोक घरच्या समारंभात, क्लबात बघून शिकले. पुण्यात आधी फी भरली, मग रात्र सापडली. यामागे तीन गोष्टी होत्या: हिंजवडीच्या नोकऱ्यांसाठी आणि कॉलेजांसाठी एकटी आलेली मुलं-मुली, २००६ पासून टीव्हीवर 'झलक दिखला जा'मध्ये दिसणारे जोडीचे नाच, आणि काहीही शिकायचं तर क्लास लावायचा ही या शहराची जुनी सवय. मला तर क्लासचाच वाटा मोठा वाटतो. अनोळखी माणसाचा हात धरायला इथे एक कारण लागतं, आणि 'शिकतोय' हे कारण आईवडिलांनाही सांगता येतं. बेसिक, राइट टर्न, क्रॉस बॉडी लीड एवढं जमलं की कोणीतरी विचारतं, "सोशलला येणार का?" सोशल म्हणजे नाचायची रात्र. तिथे हात पुढे करून विचारायचं, गाणं संपलं की आभार मानायचे आणि दुसऱ्या जोडीदाराकडे वळायचं. टेबलांवर पाण्याच्याच बाटल्या जास्त दिसतात.

अशाच एका क्लासमध्ये मी एक गंमत बघितली. हात धरताच एक मुलगी मागे झुकली. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मंगळागौरीला फुगडी घातलीयेस ना खूप?" ती चकित झाली. फुगडीत आपलं वजन समोरचीच्या हातात सोपवायचं असतं. ते दोघींनी सोपवलं की गिरकी बसते. साल्सात उलट: वजन आपल्याच पायांवर, हातातून नुसता इशारा. ताईंनी तिची बोटं सैल केली, दंडाला हलकासा ताण ठेवायला सांगितला आणि गाणं लावलं. चारला कोंगा वाजला. ती थांबली, मग पाचला बरोबर निघाली.