जुन्या सायकलींचा मूळ रंग : जतन की पुनर्रंगकाम? (पुणे शहराच्या संदर्भात)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात पुणे हे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना, महाविद्यालये, छापखाने आणि सरकारी कचेऱ्या येथे जाणारा-येणारा वर्ग बहुतांशी सायकलीवर अवलंबून होता. स्वयंचलित दुचाकींचा प्रसार झाल्यानंतर यांपैकी असंख्य सायकली भंगारात गेल्या. काही वाड्यांच्या जिन्याखाली किंवा माळ्यावर पडून राहिल्या. अलीकडे त्यांच्याकडे वारसा म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. २०१७ मध्ये कर्वेनगर येथे सुरू झालेले विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय हे या जाणिवेचे ठळक उदाहरण होय. अशी सायकल हाती येताच एक प्रश्न उभा राहतो : तिला नवा रंग द्यावा की आहे तो रंग राखावा? वरवर हा हौसेचा प्रश्न वाटत असला, तरी मुळात तो ऐतिहासिक साधनांच्या जतनाचा प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी उद्योगाच्या इतिहासात सायकलीला मानाचे स्थान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले व त्यातूनच पुढील उद्योगाचा पाया घातला गेला. स्वातंत्र्यापूर्वी वापरातील सायकली प्रामुख्याने रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस अशा इंग्रजी बनावटीच्या होत्या. मद्रासची टी.आय. सायकल्स (१९४९), सोनिपतची ॲटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) यांच्यामुळे देशी उत्पादनाचा विस्तार झाला.

इंग्रजी कारखान्यांत पोलादी फ्रेमवर काळ्या एनॅमलचे थर देऊन ती भट्टीत तापवली जाई. त्यामुळे रंग कठीण व चकचकीत होई. नंतर बारीक ब्रशने सोनेरी किंवा रंगीत रेषा ओढल्या जात आणि कंपनीची चिन्हे उमटवली जात. आजचा फवाऱ्याचा रंग कितीही सुबक असला, तरी त्यातून ही प्रक्रिया पुन्हा साकार होत नाही.

रंगलेप : एक ऐतिहासिक साधन

सायकलीचा पृष्ठभाग तिचा काळ सांगतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सुट्या भागांवर निकेलचा मुलामा प्रचलित होता. त्यानंतर क्रोमचा वापर रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये या धातूंची टंचाई झाल्याने अनेक सायकलींची हँडलेही काळ्या रंगात रंगवली गेली. अशा हँडलवर आज क्रोमचा मुलामा चढवल्यास ते देखणे होईल, मात्र युद्धकाळाचा पुरावा नष्ट होईल. छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेल्या, घडी घालता येणाऱ्या बीएसए सायकलीचा लष्करी रंग हाही असाच पुरावा आहे.

याखेरीज प्रत्येक सायकलीवर तिच्या पुण्यातील आयुष्याच्या खुणा असतात. नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला जेथे बसवला होता ती जागा, भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानाने मडगार्डवर रंगवलेला क्रमांक, मालकाचे नाव या बाबी कारखान्याच्या नोंदींत सापडणार नाहीत. सामान्य पुणेकराच्या दैनंदिन जीवनाचा हा दस्तऐवज केवळ त्या पृष्ठभागावरच लिहिलेला आहे.

याच शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांना अधिक प्रमाण मानले. अस्सल आणि नक्कल यांतील हा विवेक वस्तूंनाही लागू पडतो. पूर्णपणे खरवडून रंगवलेली सायकल ही फार तर चांगली नक्कल ठरते.

जतनाची तत्त्वे आणि प्रतिवाद

१९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या संदर्भात दोन तत्त्वे मांडली : जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनरुद्धार थांबावा आणि वास्तूत विविध काळांत पडलेली उचित भर आदराने राखावी. २०१२ च्या तुरीन सनदेने ऐतिहासिक वाहनांबाबत हाच विचार पुढे नेला. या सनदेचे तत्त्व सायकलींनाही लावता येते.

येथे एक प्रतिवाद गांभीर्याने घेतला पाहिजे. आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म मानले जाते. खंडेनवमीला हत्यारे व अवजारे स्वच्छ करून त्यांची पूजा केली जाते, तर दसऱ्याला वाहने धुऊन त्यांना हार घातले जातात. वस्तू लखलखीत ठेवणे हा तिच्याविषयीचा आदरच आहे. वडिलांची सायकल पुन्हा चालवू इच्छिणाऱ्या मुलाची भावना म्हणूनच अज्ञानमूलक म्हणता येत नाही. शिवाय पुण्याच्या पावसाळी दमट हवेत उघडे पडलेले पोलाद तसेच सोडल्यास गंज वाढतो व सायकलच नाहीशी होते.

निर्णयाचे निकष

या दोन्ही बाजू लक्षात घेता पुढील क्रम उचित ठरतो. प्रथम सायकलीची छायाचित्रे घ्यावीत व फ्रेमवरील क्रमांक, चिन्हे आणि रेषा नोंदवाव्यात. मग न दिसणाऱ्या जागी सौम्य साबणपाण्याने चाचणी करून हलकी स्वच्छता करावी. तीव्र द्रावणांनी जुनी चिन्हे विरघळतात, तर घासून पॉलिश केल्याने सोनेरी रेषा निघून जातात. गंज असेल तेवढ्याच भागावर उपचार करून मेणाचा पातळ थर द्यावा. मूळ रंग बहुतांशी नष्ट झाला असेल किंवा फ्रेमला धोका असेल, तरच पुनर्रंगकाम करावे. तेव्हाही एखादा भाग मूळ स्थितीत राखावा आणि केलेल्या कामाची लेखी नोंद सायकलीसोबत ठेवावी. सँडब्लास्टिंग व पावडर कोटिंग यांनी कोरलेले क्रमांक अस्पष्ट होण्याचा धोका असल्याने ते टाळणे श्रेयस्कर.

समारोप

नवा रंग केव्हाही देता येतो. खरवडलेला जुना रंग परत आणता येत नाही. या एकाच असमानतेमुळे जतनाचा पर्याय प्रथम विचारात घेणे आवश्यक ठरते. राजवाडे, पेशवे आणि पुढारी यांचा इतिहास पुण्याने दप्तरांत जपला आहे. सायकलीवरून कामाला जाणाऱ्या माणसाने मात्र फारसे दप्तर मागे ठेवलेले नाही. त्याची साक्ष देणारा पृष्ठभाग घासून टाकण्यापूर्वी तो वाचला जाणे, ही इतिहासाच्या अभ्यासकांची जबाबदारी आहे.