जिणं आमुचं : लिहिलेले आणि राहून गेलेले

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वर्गात शिकवायला घेतले की दरवर्षी कुणी ना कुणी मुलगी तोच प्रश्न विचारते. “मॅडम, हे आत्मकथन म्हणता, मग ह्यात बाई स्वतः कुठे आहेत?” सुरुवातीची काही वर्षे मी ठरलेले उत्तर देत असे. दलित आत्मकथन हे एका व्यक्तीचे नसते, समूहाचे असते. ‘माझं’ नव्हे तर ‘आमुचं’ जिणं असे शीर्षकच आहे, वगैरे. उत्तर चुकीचे नव्हते. पण विचारणारीचे समाधान होत नसे, आणि खरे सांगायचे तर माझेही होत नसे. ह्या प्रश्नाचा माग काढता काढता जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

बेबीताईंचा जन्म १९२९ चा, आजोळी वीरगावला. पुढचे सारे आयुष्य फलटणला गेले. फलटण तेव्हा संस्थान होते. २०१२ साली त्या गेल्या. म्हणजे महाडच्या सत्याग्रहानंतर दोन वर्षांनी जन्मलेल्या ह्या बाईने अस्पृश्यांच्या चळवळीचा जवळजवळ सगळा पट एका आयुष्यात पाहिला. येसकराची घुंगरांची काठी पाहिली, आणि आपल्या माणसांची पोरे साहेब झालेलीही पाहिली. साहेब झालेल्यांवर त्यांचा राग होता. वाड्याला विसरलेल्या शिकलेल्या माणसांना त्या पुस्तकात जे सुनावतात, ते वाचताना माझ्यासारख्या पगारदार बाईने मान खाली घालावी असेच आहे.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ह्या पुस्तकाचे मोल वेगळे वाटते. गावगाड्याचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो वतनाचा, बलुत्याचा, वेठीचा. म्हणजे पुरुषाच्या वाट्याला आलेल्या कामांचा. त्या व्यवस्थेत बाईच्या अंगावर काय गुदरत होते, ह्याची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? बेबीताई ती करतात. महारणीने लुगड्याचे काठ दिसू न देता निऱ्यांत दडपायचे. जळणाची मोळी विकायला वरच्या आळीत गेली तर काटकी न् काटकी तपासून द्यायची, एखादा केस किंवा धागा अडकून राहिला तर घर विटाळेल म्हणून. हे झाले बाहेरचे. पण त्या तिथे थांबत नाहीत. सासुरवासाला कंटाळून पळालेली पोर धरून आणली की तिच्या पायात लाकडाचा जड खोडा घालत, तो ओढत तिने घरकाम करायचे. संशयावरून नाक कापलेल्या बायकाही ह्या पुस्तकात आहेत. खोडा घालणारे गावातले सवर्ण नव्हते. आपलेच होते.

आपल्या टीकाकारांनी ह्या भागाकडे बराच काळ काणाडोळा केला. विद्रोह बाहेरच्या शत्रूविरुद्ध असला की तो मांडायला सोपा जातो.

वडिलांविषयी लिहितानाही त्या असाच हात आखडत नाहीत. वडील ठेकेदारी करीत, हाताचे सढळ, दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणारे. पण बायकोला त्यांनी घरात कोंडून ठेवले. बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही, ही त्या काळी घराची शान होती. मोळी विकणाऱ्या, शेण गोळा करणाऱ्या बायकांच्या वाड्यात ज्याला परवडले त्याने पहिली गोष्ट कोणती केली, तर वरच्या जातींसारखी आपली बायको दाराआड घातली. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात दोन गोष्टी मांडल्या होत्या. बाईवरच्या बंधनांवाचून जात टिकत नाही, आणि खालचा वरच्याचे अनुकरण करतो म्हणून ती पसरते. तो निबंध विद्यार्थ्यांना अवघड जातो. मी आता आधी बेबीताईंची कोंडलेली आई शिकवते, मग निबंध.

आता श्रद्धेविषयी. पुस्तकातला आषाढ महिना ज्याने वाचला आहे तो विसरणार नाही. घरे सारवणे, अंघोळी, पोतराज, रेडा, आणि अंगात येणाऱ्या बायका. एरवी ज्या सुनेला कुणी पोटभर भाकरी विचारीत नव्हते, तिच्या अंगात आले की सासूसासरे हात जोडून उभे. ह्या बायका ढोंगी होत्या असे बेबीताई म्हणत नाहीत, आणि त्या शहाण्या होत्या असेही म्हणत नाहीत. अंधश्रद्धेने समाजाचे कसे वाटोळे केले हे त्या कठोरपणे सांगतात. पण वर्णन इतक्या आतून येते की भुकेल्या बाईला तेवढ्या घटकेचा मान कुठून मिळत होता हेही दिसून जाते. हे माझे वाचन आहे. कुणाला पटणार नाही. माझ्या आजीच्या डोक्यात जट होती. दीक्षेनंतर तिने देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले, जट मात्र कापायला चार वर्षे घेतली. ह्या चार वर्षांचा इतिहास कुणी लिहिला नाही.

थोरला मुलगा देवाला वाहण्याची रीत जिथे होती, त्या वाड्यापर्यंत बाबासाहेबांचा शब्द कसा पोचला हे बेबीताईंनी टिपले आहे. त्या जेजुरीच्या भाषणाची आठवण सांगतात. पोरे देवाला वाहू नका, शाळेत घाला, हा तिचा गाभा. १९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद भरली, हजारो बायका जमल्या. त्याच सुमाराला इकडे बेबीताईंचे लग्न झाले, तेरा वर्षांच्या वयात. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

बाबासाहेबांविषयी बेबीताई लिहितात ते भक्तीच्या भाषेत. आपल्यातल्या बुद्धिवाद्यांना हे खटकते. एका देवाच्या जागी दुसरा देव बसवला, असे एका चर्चासत्रात मी ऐकले आहे. मला हे म्हणणे वरवरचे वाटते. त्या पिढीच्या बाईजवळ कृतज्ञतेसाठी दुसरी कुठली भाषा होती? पाहायचे असेल तर भाषेआडचा व्यवहार पाहावा. जुना देव रेडा मागत होता आणि थोरला मुलगा मागत होता. बाबासाहेबांनी मागितले ते मुलांचे शिक्षण, मुलींचेसुद्धा. बेबीताईंच्या लेखी बुद्ध म्हणजे वागणुकीचा नियम होता, नवस फेडायची जागा नव्हती. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी फलटणजवळच्या एका खेड्यात मागास मुलांसाठी आश्रमशाळा चालवली, ती ह्या श्रद्धेतूनच. देव सोडले आणि हात रिकामे राहिले असे त्यांचे झाले नाही.

आणि संसार? इथे पुस्तक जवळजवळ गप्प आहे. नवराबायकोने आधी थोडी द्राक्षे आणून किरकोळीने विकली, मग भाजी, मग किराणा मालाचे दुकान टाकले. पुड्या बांधायला रद्दी येई. गिऱ्हाईक नसले की बेबीताई ती रद्दी वाचत. वाचनालयातून पुस्तके आणून तीही वाचू लागल्या. आणि त्याच दुकानात बसून, कुणाला न कळू देता, लिहू लागल्या. वह्या वीस वर्षे लपलेल्या होत्या. नवऱ्यापासून लपवलेल्या, मुलापासूनसुद्धा. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्याजवळ लिखाणाचा विषय निघाला, त्यांनी छापण्याचा आग्रह धरला, आणि १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले. १९८६ ला पुस्तक झाले.

माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला. त्याला जोडून त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत आहे. मी ती प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. सभेसाठी दोघे मुंबईला निघालेले, डब्यात गर्दी, काही पोरांनी हिच्याकडे पाहिले. तेवढ्यावरून नवऱ्याने इतके मारले की नाकातून रक्त आले. परतीच्या गाडीतही मारणे चालूच. हे प्रवास चळवळीच्या कामाचे होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. हे पुस्तकात का नाही, असे विचारल्यावर बेबीताईंचे सांगणे असे होते की हे बहुतेक सगळ्याच बायकांच्या वाट्याला होते, आणि आपल्याला लिहायचे होते ते समाजाचे दुःख.

मला ह्या उत्तराने बराच काळ छळले. खोडा घातलेल्या सुनेचे दुःख समाजाचे, मग डब्यात रक्ताळलेल्या बाईचे कुणाचे? दुसऱ्या बायकांच्या बाबतीत ज्या रेषेच्या पलीकडे त्या बेधडक गेल्या, स्वतःपाशी येताच त्याच रेषेवर थांबल्या. हा त्यांचा दोष म्हणायचा का? मी म्हणणार नाही. वही सापडली तर फेकून दिली जाईल, ह्या धास्तीत वीस वर्षे लिहिणाऱ्या बाईने त्याच वहीत त्याच माणसाविषयी काय लिहावे, असा सल्ला आपण पंख्याखाली बसून देऊ नये. शिवाय सवर्ण वाचकाच्या हाती आयते कोलीत द्यायचे नाही, हेही मनात असू शकते. ‘पाहा, ह्यांचे पुरुष असेच’ असे म्हणायला टपलेले लोक तेव्हाही होते, आजही आहेत. दलित बाईला दोन्हीकडून बोलावे लागते आणि दोन्हीकडून जपावे लागते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला, त्यासाठी त्यांना गावोगाव जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधाव्या लागल्या. चळवळीच्या दप्तरांत त्यांची नावे फारशी नव्हती, घरातल्या छळाची तर नव्हतीच.

माझी आई महिला मंडळाची अध्यक्षीण होती. जयंतीच्या मिरवणुकीत निळे निशाण धरून पुढे असायची. रात्री घरी आली की चपला हातात घेऊन मागच्या दाराने आत शिरायची. आम्हा भावंडांना हे इतके सवयीचे झाले होते की तिच्या निधनानंतर शोकसभेत मी तिच्या कार्यावर वीस मिनिटे बोलले, पण मागच्या दाराचा उल्लेख केला नाही. म्हणून बेबीताईंना जाब विचारण्याचा अधिकार मला नाही.

एक मात्र मी बदलले. आता पुस्तक आणि मुलाखत दोन्ही बरोबर शिकवते. पुस्तक आधी, पूर्ण, त्याच्या समूहवाचक ‘आमुचं’सकट. मुलाखत नंतर. उलट क्रमाने शिकवले तर मुले फक्त मारहाण लक्षात ठेवतात आणि आषाढ, मोळी, जेजुरी, आश्रमशाळा सगळे विसरतात. बाई पुन्हा नवऱ्याच्या माराने ओळखली जाते. आधीच्या क्रमाने शिकवले तर कुणीतरी स्वतःहून विचारते, की ज्या वह्या नवऱ्यापासून लपवल्या त्यांत महारवाड्याचा एवढा इतिहास मावला कसा.

गेल्या वर्षी मी मुलींना सांगितले, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारून दीक्षेच्या वेळची एक आठवण लिहून आणा. बहुतेकांनी एकेक पान आणले. एका मुलीने चार पाने आणली, आजीच्या तोंडून उतरवलेली. दीक्षेची हकीकत पहिल्या पानावरच संपली होती. उरलेली तीन आजोबांविषयी होती. “मॅडम, नाव घालू नका, आणि घरी कळू देऊ नका, असं आजीनं सांगितलंय,” असे म्हणून ती पाने देऊन गेली. माझ्या टेबलाच्या खणात ती अजून आहेत.