महागडे गोल्फ क्लब खरंच पैसे वसूल आहेत का? जाणून घ्या त्यामागचं तंत्रज्ञान

नवा फोन घेताना आपण काय करतो? प्रोसेसर बघतो, कॅमेरा बघतो, यूट्यूबवर दहा रिव्ह्यू बघतो आणि मग ठरवतो की वीस हजारांचा पुरेल की ऐंशी हजारांचाच हवा. आता हाच प्रश्न गोल्फच्या दुकानात विचारून बघा. एका ड्रायव्हरची किंमत पन्नास हजार रुपयांच्या वर, शेजारीच जवळपास तसाच दिसणारा दुसरा त्याच्या निम्म्या किमतीत. विक्रेता म्हणतो, "सर, यात कार्बन आहे, एआयने डिझाइन केलाय, वीस यार्ड जास्त जाईल." आता हे खरं की नुसतं मार्केटिंग?

पुण्या-मुंबईत ड्रायव्हिंग रेंजवर जाणारी नोकरदार पोरं हल्ली बरीच दिसतात. पहिल्या बोनसमधून गोल्फचा सेट घ्यायचा विचार करणारेही त्यांच्यात असतात. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ. आणि हो, या लेखात 'क्लब' म्हणजे जिमखाना नाही. ज्याने चेंडू मारतात ती काठी, ज्याला आपल्याकडे सरळ 'गोल्फ स्टिक' म्हणतात, ती.

बॅगेत असतं काय?

नियमाप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. लांब फटक्यासाठी ड्रायव्हर आणि वुड, मधल्या अंतरासाठी नंबर घातलेले आयर्न, जवळच्या उंच फटक्यासाठी वेज आणि हिरवळीवर चेंडू घरंगळवून खड्ड्यात टाकण्यासाठी पटर. प्रत्येकाचे तीन भाग असतात: डोकं म्हणजे हेड, दांडा म्हणजे शाफ्ट, आणि पकड म्हणजे ग्रिप. सगळी जाहिरात हेडची होते. शाफ्टबद्दल कुणी बोलत नाही, पण त्याच्याकडे आपण नंतर येऊच.

ड्रायव्हरच्या वेगाला कायद्याचा लगाम आहे

समजा उद्या सरकारने नियम केला की कुठल्याही फोनचा प्रोसेसर एका ठरावीक वेगापेक्षा जास्त चालता कामा नये. मग एक लाखाचा फोन आणि तीस हजारांचा फोन, दोघांचा वेग सारखाच! गोल्फमध्ये नेमकं हेच झालंय.

गोल्फचे नियम अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए या दोन संस्था ठरवतात. १९९० च्या दशकात ड्रायव्हरची डोकी टायटॅनियमची झाली. टायटॅनियम हलकं आणि मजबूत, त्यामुळे हेड मोठं आणि पुढचा पत्रा पातळ करता आला. पातळ पत्रा चेंडू आदळल्यावर किंचित आत दबतो आणि परत उसळतो, ट्रॅम्पोलिनसारखा. चेंडू कमी चेपला जातो, ऊर्जा कमी वाया जाते, फटका लांब जातो. हे असंच चालू राहिलं तर जगभरची मैदानं तोकडी पडतील अशी भीती वाटू लागली, आणि १९९८ साली यूएसजीएने यावर मर्यादा आणली.

ती मर्यादा म्हणजे ०.८३ हा आकडा. अर्थ सोपा आहे. क्लब आणि चेंडू ज्या वेगाने एकमेकांजवळ येतात, त्याच्या जास्तीत जास्त ८३ टक्के वेगाने ते एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. आज ही तपासणी एका छोट्या लोलकाने होते. धातूचा गोळा हेडवर आदळतो आणि तो पत्र्याला किती मायक्रोसेकंद चिकटून राहिला हे मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सूट. हेडचा आकारही ४६० घन सेंटीमीटरवर बांधलेला आहे. २००० साली कॅलावेने आणलेला ईआरसी नावाचा ड्रायव्हर या मर्यादेबाहेर गेला, म्हणून अमेरिकेत तो नियमबाह्य ठरला. त्याच वेळी आर अँड ए मात्र त्याला हरकत घेत नव्हती, त्यामुळे बराच गोंधळ झाला होता.

यातून काय निघतं? हेडचं वजन साधारण २०० ग्रॅम आणि चेंडूचं जेमतेम ४६ ग्रॅम धरलं, तर अगदी मधोमध बसलेल्या फटक्यात चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या सुमारे दीडपट होतो. त्याच्या पुढे नियमात बसणारा कुठलाच ड्रायव्हर जात नाही, मग तो कितीही महाग असो. नावाजलेल्या कंपन्यांचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे चांगले ड्रायव्हरसुद्धा या मर्यादेला जवळपास टेकलेले होते.

पीजीए टूरवरच्या व्यावसायिक खेळाडूंच्या ड्राइव्हची सरासरी बघा. १९९३ मध्ये सुमारे २६० यार्ड, २००३ मध्ये सुमारे २८६, आणि २०२३ मध्ये सुमारे ३००. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत २६ यार्ड वाढले आणि नंतरच्या वीस वर्षांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. पहिल्या उडीत टायटॅनियमबरोबर नव्या चेंडूचाही मोठा हात होता, कारण २००० च्या शेवटी आलेल्या टायटलिस्ट प्रो व्ही१ पासून आतला गाभा घट्ट आणि वरचं आवरण मऊ असलेला चेंडू सगळ्यांनी उचलला. त्यानंतरची वाढ खेळाडूंच्या व्यायामातून आणि जोरातून बऱ्याच प्रमाणात आलेली आहे. दरवर्षी 'आणखी दहा यार्ड'ची जाहिरात खरी असती, तर चेंडू आत्तापर्यंत पार्किंगमध्ये पडायला हवा होता.

मग नव्या ड्रायव्हरमध्ये नवीन काय?

चुकीला माफी. मधोमध बसलेल्या फटक्याला मर्यादा आहे, पण बाजूला लागलेल्या फटक्यात किती वेग वाचवायचा यात अजून वाव आहे. यासाठी वजन हेडच्या कडेला आणि मागे सरकवतात. सर्कशीत दोरीवर चालणारा लांब काठी आडवी धरतो ना, तेच तत्त्व. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकं हेड कमी वळतं आणि चेंडू कमी भरकटतो. टायटॅनियमच्या जागी कार्बनचे भाग बसवायचे, वाचलेले ग्रॅम मागच्या टोकाला जड टंगस्टनच्या रूपात लावायचे, हा सगळा खेळ त्यासाठीच चाललेला असतो. २०२४ च्या सुरुवातीला पिंग आणि टेलरमेड या दोघांनीही '१०के' म्हणून जाहिरात केलेले ड्रायव्हर आणले, त्यातला दहा हजारांचा आकडा हेडच्या याच न वळण्याच्या गुणाचा आहे.

हा फायदा खरा आहे, आणि गंमत म्हणजे तो नवशिक्याला जास्त होतो, कारण मधोमध मारायला व्यावसायिकाला जमतं, आपल्याला नाही. फक्त दोन-तीन वर्षं जुन्या मॉडेलमध्येही त्यातला बराचसा भाग असतो, आणि ते नवं मॉडेल येताच स्वस्त होतं.

आयर्नचा नंबर हा मेगापिक्सेलसारखा आहे

आता जिथे लोक सगळ्यात जास्त फसतात तिथे येऊ. दुकानात तुम्ही तुमचा जुना ७ नंबर मारून बघता, मग नवा ७ नंबर. नवा पंधरा यार्ड पुढे जातो! लगेच कार्ड बाहेर निघतं.

थांबा. आयर्नच्या तोंडाला एक तिरकेपणा असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जास्त तर चेंडू उंच आणि जवळ, कमी तर खाली आणि लांब. काही दशकांपूर्वी ७ नंबरचा लॉफ्ट ३६-३८ अंशांच्या आसपास असायचा. आज नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच सेटमध्ये तो २८ ते ३० अंश असतो. म्हणजे पूर्वीचा ५ नंबर घेतला आणि त्यावर ७ कोरलं! नंबर म्हणजे काय असावं याचा नियमच नाही, त्यामुळे यात बेकायदा काही नाही. कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे: आजच्या हेडमध्ये वजन खाली असतं, त्यामुळे लॉफ्ट कमी असूनही चेंडू बऱ्यापैकी उंच जातो.

पण याचा एक लपलेला खर्च आहे. सेटमधला पिचिंग वेजही पूर्वीच्या ५० वरून ४३-४४ अंशांवर आला, आणि सँड वेज मात्र ५६ लाच राहिला. मध्ये बारा अंशांची दरी! ती भरायला एक वेज जास्तीचा घ्यावा लागतो. म्हणून दोन आयर्नची तुलना करताना नंबर बघू नका, कंपनीच्या वेबसाइटवर लॉफ्टचा तक्ता असतो तो उघडा. दोन मिनिटांचं काम आहे.

फोर्ज्ड की कास्ट?

महागडे आयर्न 'फोर्ज्ड' म्हणजे तापलेल्या लोखंडाला ठोकून घडवलेले असतात. स्वस्त आयर्न बहुतेक 'कास्ट' म्हणजे साच्यात ओतलेले. फोर्ज्डचा 'फील' लोण्यासारखा असतो असं सांगतात. जपानमधल्या हिमेजीच्या मिउरासारखे कारखाने या कारागिरीसाठी नावाजलेले आहेत आणि ती वस्तू हातात घेतली की मोह होतो हे खरं. पण चेंडू आणि क्लबची भेट जेमतेम अर्धा मिलीसेकंद टिकते. हाताला काही जाणवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. ज्याला आपण फील म्हणतो त्यात आवाजाचा वाटा खूप मोठा आहे. चेंडू किती लांब जाईल हे लोखंड ठोकलंय की ओतलंय यावर अवलंबून नसतं, हेडच्या आकारावर आणि वजनाच्या मांडणीवर असतं.

त्याहून वरचाही एक वर्ग आहे. जपानच्याच होन्माचे बेरेस मालिकेतले पाच तारे असलेले सोन्याच्या मुलाम्याचे सेट दहा हजार डॉलरच्या कितीतरी पुढे जातात. हे दागिने आहेत, त्यांच्याकडे तसंच बघावं. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या कॉस्टकोने २०२३ मध्ये सात आयर्नचा सेट ५०० डॉलरला विकायला काढला, म्हणजे एका प्रीमियम ड्रायव्हरपेक्षाही कमी किमतीत अर्धी बॅग.

पटर आणि टायगर वूड्स

पटरच्या बाबतीत तर तंत्रज्ञानाचा दावा अजूनच पातळ होतो. टायगर वूड्सने १५ पैकी १४ मेजर स्पर्धा एकाच स्कॉटी कॅमेरॉन पटरने जिंकल्या. त्या पटरचा आकार कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६६ मध्ये आणलेल्या पिंग आन्सरवरून आलेला आहे. ब्रूक्स केप्काचं उदाहरणही मजेशीर आहे. नायकेने २०१६ मध्ये क्लब बनवणंच बंद केलं, पण हा माणूस २०२३ ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकताना बॅगेत नायकेचा जुना ३ नंबर आयर्न घेऊन फिरत होता. बदलायला पैसे नव्हते असं तर नाही!

आणि आपली अदिती अशोक. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, तिच्या ड्राइव्हचं अंतर सगळ्या स्पर्धकांमधल्या सर्वांत कमी अंतरांपैकी होतं. तरी वेज आणि पटरच्या जोरावर ती चौथी आली, ब्राँझ फक्त एका फटक्याने हुकलं. याचा अर्थ अंतराला किंमत नाही असा मात्र नाही. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांचा डेटा तपासून दाखवलंय की चांगल्या आणि साधारण खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांमधून येतो. पण तिथला वेग शरीरातून येतो, बिलातून नाही.

पैसे जिथे खरंच कामाला येतात

फिटिंग. म्हणजे तुमची उंची, वेग आणि फटक्याची दिशा मोजून क्लबची लांबी, कोन आणि शाफ्ट ठरवणं. शाफ्ट स्विंगमध्ये वाकतो, आणि तो तुमच्या वेगाला फार ताठ किंवा फार लवचीक असेल तर सत्तर हजारांचं हेडही काही करू शकत नाही. मापाचे मध्यम किमतीचे क्लब बिनमापाच्या महाग क्लबपेक्षा चांगले, याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही.

याचा सगळ्यात जास्त फटका मुलामुलींना बसतो. बाबांचा जुना स्टील शाफ्टचा क्लब कापून लहान केला आणि मुलीच्या हातात दिला, हे सर्रास होतं. कापल्यावर शाफ्ट आणखी ताठ होतो, हेड मात्र मोठ्या माणसाच्याच वजनाचं राहतं. चेंडू उडत नाही, मनगट दुखतं आणि पोरगी म्हणते, मला हा खेळ जमत नाही. खर्च करायचाच असेल तर इथे करा, मुलांसाठीचे हलके ग्रॅफाइट सेट मिळतात.

घेण्याआधी फोन काढा

स्लो मोशनला २४० फ्रेमवर फोन लावा आणि स्विंग शूट करा. एक गोष्ट लक्षात ठेवा: दोन फ्रेममध्ये चार मिलीसेकंदांहून जास्त वेळ जातो आणि तेवढ्यात ताशी २२० किलोमीटरने निघालेला चेंडू पाव मीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे नेमका आघात फोनला दिसणार नाही, शरीराची हालचाल मात्र छान दिसेल. आघात कुठे झाला ते बघायला चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड ठिपका काढा, ठिपका क्लबकडे करून मारा, खूण क्लबवर उमटते. वीस चेंडू मारा आणि दर वेळी फोटो काढा. खुणा सगळीकडे विखुरलेल्या असतील, तर माफी देणारं मोठं हेड आणि प्रशिक्षकाचे दहा तास घ्या. एकाच जागी पण कडेला असतील, तर लांबी किंवा शाफ्ट चुकलाय, आधी फिटिंग करा.

सेकंड हँड घेताना ड्रायव्हर, आयर्न आणि पटर बिनधास्त बघा. वेज मात्र शक्यतो नवा घ्या, कारण वाळूत वापरून त्याच्या खाचा झिजतात आणि चेंडूला फिरकी मिळत नाही. ऑनलाइन ड्रायव्हर अर्ध्याहून कमी किमतीत 'सीलपॅक' मिळत असेल तर तो नकली असण्याची शक्यता मोठी. एक सोपी तपासणी: पुढच्या पत्र्याला चुंबक लावून बघा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, कार्बनलाही नाही. चिकटला, तर पैसे देऊ नका. खालचे स्क्रू स्टीलचे असू शकतात, म्हणून तपासणी फक्त पुढच्या पत्र्यावर करायची.