कुत्र्याची डबी

* 'कुत्र्याची डबी' : तपकिरीच्या या डबीवरचा स्पॅनिअल रंगवलेला नाही, तो काचेच्या कणांचा आहे. रोममध्ये सेंट पीटर्सची वेदीचित्रे मोझेइकमध्ये उतरवणाऱ्या कारागिरांना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी कामे मिळेनाशी झाली, तेव्हा ते लहान वस्तूंकडे वळले. रंगीत काच ज्योतीवर वितळवून तिचे दोरे ओढायचे, त्यांचे तुकडे चिमट्याने उचलून लुकणात बसवायचे आणि फटी रंगीत मेणाने बुजवायच्या. उत्तम कामात चौरस इंचाला हजारावर तुकडे भरतात.

जाकोमो राफाएल्ली (१७५३-१८३६) हा यातला उस्ताद. हेड्रियनच्या प्रासादात १७३७ साली सापडलेल्या प्राचीन मोझेइकमधली पाणवठ्यावरची कबुतरे त्याने डबीच्या झाकणाएवढी केली. १७७९ ची त्याची कबुतरे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण कबुतरापेक्षा कुत्रा अवघड. लव दाखवायला चौकोनी ठिपके कुचकामी. लांबट, किंचित वाकलेले तुकडे केसांच्या वळणाने लावावे लागतात. कानापाशी भिंग धरले की ते वेगळे दिसतात.

गिऱ्हाईक बहुधा इटलीच्या सफरीवरचा इंग्रज उमराव. काही जण नुसती चकती विकत घेत आणि डबी आपल्याकडच्या सोनाराकडून घडवून घेत. त्यामुळे सोन्यावर पॅरिसचा छाप आणि झाकणावर रोमचा कुत्रा, अशाही डब्या आढळतात. — संपा.