पंधरा यार्डांचा पेशा

अमेरिकन फुटबॉलमधील प्रत्येक डाव ज्या कृतीने सुरू होतो तिला 'स्नॅप' म्हणतात. आघाडीच्या रांगेच्या मध्यभागी ओणवा राहिलेला 'सेंटर' हा खेळाडू जमिनीवरचा चेंडू आपल्या दोन पायांमधून मागच्या सहकाऱ्याकडे देतो, आणि चेंडू हलताक्षणीच दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडतात. चेंडू लाथेने मारायचा असेल तेव्हा मात्र हे देणे लांब पल्ल्याचे होते. खांबांमधून चेंडू उडवून तीन गुण मिळवण्याच्या 'फील्ड गोल'साठी तो सात-आठ यार्ड, तर प्रतिपक्षाला त्याच्या हद्दीत दूर रेटण्यासाठी मारल्या जाणाऱ्या 'पंट'साठी सुमारे पंधरा यार्ड, म्हणजे जवळजवळ चौदा मीटर मागे पोहोचावा लागतो. एवढ्या एकाच कामासाठी संघात घेतलेला खेळाडू म्हणजे 'लाँग स्नॅपर'. हा पेशा जेमतेम अर्धशतकाचा असला तरी त्यामागचे कौशल्य बरेच जुने आहे. किंबहुना, जे काम एके काळी प्रत्येक सेंटरला येत असे ते हळूहळू मोजक्यांनाच नीट येऊ लागले, आणि त्यातूनच या पेशाची गरज निर्माण झाली.

येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने १८८० मध्ये रग्बीतील झटापटीऐवजी चेंडूचा ताबा एका संघाकडे देऊन डाव सुरू करण्याचा नियम झाला, तेव्हा सेंटर चेंडू पायाने मागे ढकलत असे. हाताने देण्याची रीत नंतर रुळली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचलित असलेल्या 'सिंगल विंग' या रचनेत चेंडू घेणारा खेळाडू काही यार्ड मागे उभा असल्यामुळे चेंडू मागे फेकणे हे सेंटरचे रोजचेच काम होते, आणि त्याचे कोणाला कौतुक वाटण्याचे कारण नव्हते. ८ डिसेंबर १९४० रोजी शिकागो बेअर्सने विजेतेपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला आणि त्यांनी वापरलेल्या 'टी' रचनेचे अनुकरण सर्वत्र होऊ लागले. या रचनेत क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, सेंटरच्या पाठीशी अगदी चिकटून उभा राहतो आणि चेंडू हातातून हातात जातो. परिणामी लांबचा स्नॅप हा सामन्यात क्वचितच करावा लागणारा, आणि म्हणून चुकण्याची धास्ती असणारा प्रकार बनला.

तरीही स्वतंत्र स्नॅपर लगेच आला नाही, कारण प्रश्न संख्येचाही होता. व्यावसायिक 'एनएफएल' स्पर्धेत १९५० पासून खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची कायमची मुभा मिळाली खरी, पण तेहतीस जणांच्या संघात एका फेकीपुरता माणूस पोसणे कोणाला परवडणार? राखीव सेंटर किंवा एखादा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतील दुसऱ्या रांगेचा खेळाडू, हे काम जोडधंद्यासारखे करत असे. १९६४ मध्ये संघाची मर्यादा चाळीसवर गेली. त्यानंतर वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जॉर्ज अ‍ॅलन यांनी १९७१ आणि १९७२ च्या हंगामांत जॉर्ज बर्मन यांना मुख्यतः याच कामासाठी संघात ठेवले, आणि म्हणून बर्मन यांना बहुधा पहिला लाँग स्नॅपर मानले जाते. अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले हे गृहस्थ पुढे सिरॅक्यूस विद्यापीठाच्या व्यवस्थापन महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले; श्रमविभागणीचे याहून चपखल उदाहरण त्यांना वर्गात शिकवायला मिळाले नसावे.

या कामातील बारकावा फील्ड गोलच्या वेळी स्पष्ट दिसतो. चेंडूच्या एका बाजूला नाडीची जाड वीण असते, आणि लाथ मारणाऱ्याचा पाय त्या विणीवर पडला तर चेंडू भरकटण्याची भीती असते. म्हणून गुडघ्यावर बसून चेंडू जमिनीवर टेकवणाऱ्या 'होल्डर'च्या हातात तो येईल तेव्हा वीण खांबांच्या दिशेला असावी, या हिशेबाने स्नॅपर चेंडूचे गरगरणे मोजून-मापून बसवतो. स्नॅपपासून लाथेपर्यंतचा सारा व्यवहार सुमारे १.३ सेकंदांत उरकतो. शिवाय चेंडू सुटतो त्या क्षणी स्नॅपरचे डोके खाली, पायांच्या मधे असते आणि समोरून धिप्पाड प्रतिस्पर्धी धावून येत असतात. याच कारणाने फील्ड गोलच्या वेळी कोणीही थेट त्याच्या समोर उभे राहू नये, असा नियम पुढे करावा लागला.

हे नाजूक गणित किती महागात पडू शकते ते ५ जानेवारी २००३ रोजी दिसले. न्यूयॉर्क जायंट्सने निवृत्त झालेल्या ट्रे जंकिन यांना एकेचाळिसाव्या वर्षी, बाद फेरीच्या ऐन तोंडावर परत बोलावले होते. ३८-१४ अशी आघाडी गमावून सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा एका गुणाने मागे पडलेल्या या संघाचा शेवटचा फील्ड गोल त्यांच्या वेड्यावाकड्या स्नॅपमुळे मारताच आला नाही, आणि सामना ३९-३८ असा हातचा गेला. त्या डावात पंचांचाही निर्णय चुकल्याची कबुली नंतर देण्यात आली, पण लोकांच्या लक्षात राहिला तो स्नॅपच. एकोणीस हंगामांच्या कारकिर्दीवर तेवढीच एक मोहोर उमटावी, यात न्याय फारसा नाही.

१९९३ पासून संघ त्रेपन्न जणांचा झाल्यावर ही जागा पक्की झाली. क्रिकेटमध्ये केवळ यष्टिरक्षण करणारा खेळाडू फलंदाजी येत नाही म्हणून मागे पडत गेला, तर येथे प्रवाह नेमका उलटा वाहिला. 'शॉटगन' रचनेमुळे आजचा सेंटर पुन्हा जवळजवळ प्रत्येक डावात चेंडू पाच यार्ड मागे देतो, पण ती हळुवार फेक आणि पंटसाठीची पाऊण सेकंदात पोहोचणारी फेक यांत इतके अंतर पडले आहे की जुना जोडधंदा परत येण्याची चिन्हे नाहीत. पॅट्रिक मॅनेली यांनी १९९८ ते २०१३ या काळात शिकागोकडून २४५ सामने खेळून त्या संघाचा विक्रम केला, आणि महाविद्यालयीन स्नॅपरांसाठीचा पुरस्कार २०१९ पासून त्यांच्याच नावाने दिला जातो. डीऑसी पिता-पुत्रांच्या बाबतीत तर हा सगळा बदल एकाच घरात पाहायला मिळतो. वडील स्टीव्ह हे लाइनबॅकर असून गरजेनुसार स्नॅपही करत आणि जायंट्सबरोबर त्यांनी जानेवारी १९९१ चे सुपर बोल विजेतेपद मिळवले. मुलगा झॅक २००७ मध्ये त्याच संघात आला तोही लाइनबॅकर म्हणूनच, पण २००८ आणि २०१० च्या हंगामांसाठी 'प्रो बोल' या मानाच्या सामन्यात त्याची निवड झाली ती निव्वळ स्नॅपर म्हणून.