गाउट : एका रात्रीत सुजणारा अंगठा आणि आपले गैरसमज

वस्त्यांमध्ये काम करताना एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने जागा होतो. सांधा लाल, गरम, सुजलेला. त्यावर चादरसुद्धा सहन होत नाही. घरचे म्हणतात पाय मुरगळला, शेजारी म्हणतात वात आला. पुष्कळदा तो गाउट असतो.

पेशी आणि अन्न यांतील प्युरिन नावाच्या घटकांपासून शरीरात युरिक अॅसिड तयार होते. मूत्रपिंडांनी ते पुरेसे बाहेर टाकले नाही तर रक्तात साचते. साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर ते विरघळलेले राहत नाही आणि सांध्यात सुईसारखे स्फटिक जमू लागतात. मात्र युरिक अॅसिड वाढलेल्या प्रत्येकाला गाउट होत नाही, आणि दुखणे नसताना केवळ रिपोर्ट पाहून सहसा औषध लागत नाही. उलट ऐन झटक्यात हाच रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून दुखणे शमल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

या आजाराला चिकटलेला दोषारोप आम्हाला जास्त खटकतो. ‘पितो म्हणून झाले’, ‘वजडी-कलेजी खातो म्हणून झाले’ असे सहज बोलले जाते. दारू, विशेषतः बिअर, आणि कलेजी, गुर्दा, लाल मटण, तारली यांनी झटका येऊ शकतो, हे खरे. गोड कोल्ड्रिंकही त्याच यादीत आहे, पण त्याबद्दल कुणी टोमणा मारत नाही! मुळात युरिक अॅसिडचा मोठा भाग शरीर स्वतःच बनवते. आनुवंशिकता, मूत्रपिंडाचा आजार, वजन, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या काही गोळ्या ही कारणे तेवढीच मोठी आहेत. कधीही दारूला न शिवलेल्या माणसालाही गाउट होतो. डाळी आणि पालक बंद करण्याचा सल्ला तर सर्रास मिळतो. अभ्यासांत मात्र वनस्पतिजन्य प्युरिनमुळे गाउटचा धोका वाढलेला दिसत नाही. ज्या घरात प्रथिने डाळीतूनच मिळतात, तिथे हे पथ्य नुकसानच करते. कडक उपाससुद्धा झटका आणू शकतात.

झटक्यात सांध्याला आराम द्यावा, पाय उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाणी प्यावे. चोळू नये. डॉक्टर कोल्चिसिन, वेदनाशामक किंवा स्टेरॉइड यांतून निवड करतात; औषध जितके लवकर, तितका आराम लवकर. इथे मजुरी बुडू नये म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची अडचण येते. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर वेदनाशामके ते आणखी बिघडवतात, आणि अनेकांना आपले मूत्रपिंड कमजोर आहे हे ठाऊकच नसते. क्रिएटिनिनची तपासणी म्हणूनच टाळू नये.

झटका एक-दोन आठवड्यांत आपोआपही ओसरतो, आणि तिथेच फसगत होते. स्फटिक आतच राहतात. वर्षात दोन किंवा अधिक झटके, मुतखडा, किंवा कान-कोपरावर कठीण गाठी असतील तर युरिक अॅसिड ६ च्या खाली ठेवणारे औषध लागते. बहुधा अॅलोप्युरिनॉल, कमी मात्रेपासून सुरू करून. ते जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळते. सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात, म्हणून डॉक्टर सोबत संरक्षक औषध देतात. ‘गोळी घेतली आणि दुखणे वाढले’ म्हणून ती सोडणारे बरेच भेटतात, सोडू नये. अंगावर पुरळ आले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

स्त्रियांना हा आजार बहुतेक पाळी गेल्यानंतर होतो, आणि त्यांचे दुखणे ‘वयाचे’ म्हणून दुर्लक्षित राहते. सांधा सुजून सोबत ताप, थंडी असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.